आयुष्यभर पूजेला बसलेल्या माणसाने अखेरच्या पत्रात सगळे नाकारले, तर खरा माणूस कोणता?

कृष्णाकाठ
नमस्कार. आमचे वडील, अण्णा, काही महिन्यांपूर्वी वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी गेले. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात त्यांनी उभी हयात काढली. दर श्रावणात ते आईसह सत्यनारायणाच्या पूजेला बसत, पितृपक्षात आजोबांचे श्राद्ध करत आणि एकादशीला साबुदाण्याशिवाय दुसरे काही तोंडात घालत नसत. आमच्या गल्लीत त्यांची ओळख एक शांत, श्रद्धाळू गृहस्थ अशीच होती.

ते गेले त्या पहाटे दाखल्यासाठी कागदपत्रे काढताना विम्याच्या फायलीत एक पाकीट सापडले. आत त्यांच्या वळणदार अक्षरातले दोन पानांचे पत्र होते आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा भरलेला देहदानाचा अर्ज होता. पत्रात त्यांनी लिहिले होते की कर्मकांडावर आपला तरुणपणापासून विश्वास नाही, देह विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावा, दहावा ते तेरावा यांपैकी काहीही करू नये, आणि पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत कोणी नदीकाठी उभे राहू नये.

देहदान दुपारपर्यंत पार पडले. थोरल्या भावाने सही केली, पण ती मनाविरुद्ध. पुढे आमची आत्या अडून बसली. तिचे म्हणणे असे की माझा भाऊ पन्नास वर्षे माझ्या डोळ्यांदेखत सोवळे नेसून पूजा करत होता, तो माझा भाऊ. हे दोन कागद म्हणजे माझा भाऊ नव्हे. शेवटी थोरल्याने आपल्या गावी तेरावा केला. मी गेलो नाही. आता आमच्या घरात दोन अण्णा आहेत आणि दोन्ही बाजूंना आपलेच अण्णा खरे वाटतात.

माझा प्रश्न दिवस घालावेत की नाहीत एवढ्यापुरता नाही. माणसाचे खरेपण त्याने आयुष्यभर केलेल्या वागण्यात असते, की न बोलता मनात जपलेल्या मतात? आणि चारचौघांसारखे वागत राहिलेल्या माणसाला स्वतःचे असे काही होते, असे म्हणता येते का?

मनस्विनी
कृष्णाकाठ, तुमच्या दुःखात सहभागी आहे. मला यात विसंगती दिसत नाही. संसारातला माणूस बायको, बहीण, आईवडील यांच्या मनाचा विचार करून शंभर गोष्टी करतो. त्या करताना तो खोटा असतो असे मानले, तर आपल्यापैकी एकही माणूस खरा उरणार नाही. अण्णांनी जिवंतपणी कोणाला दुखावले नाही आणि मृत्यूनंतरच्या स्वतःच्या देहापुरता निर्णय स्वतः घेतला. मला तर हा फार सभ्य मार्ग वाटतो.

रेषा
मनस्विनीताई, मी पूर्ण असहमत आहे आणि कृष्णाकाठ यांची क्षमा मागून स्पष्ट लिहिते.

ज्या माणसाचा तरुणपणापासून रूढींवर विश्वास नव्हता, त्याच्या घरात सुना महिन्याचे चार दिवस बाजूला बसत होत्या का? बसत असतील, तर त्या सुनांना अण्णांच्या मनातल्या मताचा काय उपयोग झाला? घरातल्या कर्त्या पुरुषाने एक शब्द उच्चारला असता तर ज्यांचे जगणे सोपे झाले असते, त्यांच्यासाठी तो शब्द उच्चारला गेला नाही. तो उच्चारला गेला तो स्वतःच्या देहासाठी, आणि तोही अशा वेळी की त्याचे परिणाम भोगायला आपण नसू. आत्याशी भांडण कोणाच्या वाट्याला आले? मुलांच्या. मनातले मत ही खासगी मिळकत असते; तिला जगण्यातले खरेपण म्हणायला मी तयार नाही.

आणखी एक. तुमच्या पोस्टमध्ये भाऊ आहे, आत्या आहे, तुम्ही आहात. तुमच्या आई हयात आहेत का? असतील तर त्यांना कोणी काही विचारले का?

कृष्णाकाठ
रेषा, प्रश्न कठोर आहे, पण योग्य आहे. होय, आमच्याकडे बाजूला बसण्याची पद्धत होती आणि ती माझ्या पत्नीने, नोकरी लागल्यावर, स्वतः मोडली. अण्णांनी ती कधी पाळायला सांगितली नाही आणि कधी थांबवलीही नाही. पत्नीने मोडली त्या दिवशी ते जेवताना मीठ मागत तिच्याशी नेहमीसारखे बोलले, एवढे मला स्पष्ट आठवते. आई आहे, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिच्याशी बोलून पुन्हा लिहितो.

गणितप्रेमी
या चर्चेत दोन कर्व्यांची आठवण येणे अपरिहार्य आहे, कारण हा प्रश्न एकाच घरात बापलेकांनी दोन निरनिराळ्या रीतींनी सोडवला.

धोंडो केशव ऊर्फ अण्णासाहेब कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्या बालविधवा होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या होत्या. मुरुडकरांनी बहिष्कार घातला आणि अण्णासाहेबांना आपल्याच गावात परक्यासारखे वागवले गेले. मात्र १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढल्यावर त्यांनी पुनर्विवाहाचा प्रचार संस्थेपासून जाणीवपूर्वक दूर ठेवला. लोकांनी आपल्या विधवा मुली शिकायला पाठवाव्यात, तर त्या लोकांना बुजवून चालणार नाही, हा त्यांचा हिशेब होता. त्या हिशेबातूनच पुढे हिंगण्याचे काम उभे राहिले आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. जातिभेद आणि अस्पृश्यता यांच्याविरुद्ध त्यांनी समता संघ काढला तो १९४४ मध्ये, म्हणजे वयाच्या पंच्याऐंशीनंतर.

त्यांचा मुलगा रघुनाथ. गणिताचा प्राध्यापक. १९२१ मध्ये त्याने मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, त्या मतांपायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली, आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले ते मरेपर्यंत. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. तोही खटला ते हरले. मूल होऊ द्यायचे नाही असे ठरवले आणि स्वतःवर शस्त्रक्रिया करून घेतली. दुसऱ्यांना सांगितले ते आधी स्वतःच्या देहावर केले. वडिलांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले. मुलगा त्याच्या पाच वर्षे आधी, १९५३ च्या ऑक्टोबरात, जवळजवळ एकाकी अवस्थेत गेला होता.

माझे मत मुलाच्या बाजूने आहे. अण्णासाहेबांबद्दल अतोनात आदर बाळगूनही मला वाटते की ज्याने लोकांच्या मर्जीचा हिशेब केला, त्याचे कार्य मोठे झाले. पण ज्याने तो केला नाही, त्याचे स्वत्व अखंड राहिले. कृष्णाकाठ यांच्या अण्णांकडे अण्णासाहेबांचा हिशेब होता, पण त्या हिशेबातून उभी राहिलेली संस्था नव्हती.

मनस्विनी
गणितप्रेमी, तुमचे शेवटचे वाक्य फार निष्ठुर आहे. घर ही संस्था नसते का? त्या माणसाने बायकोमुलांचे, बहिणीचे एक घर पन्नास वर्षे एकत्र ठेवले.

तळ्याकाठचा
वाचतो आहे. रेषा यांनी आईंविषयी विचारलेला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटला.

साष्टी
गोव्यातून लिहीत आहे. रघुनाथरावांचे उदाहरण देताना ‘अखंड स्वत्व’ हा शब्दप्रयोग आला आहे, म्हणून आमच्या सांखवाळच्या एका माणसाविषयी लिहितो.

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ चा. नारळाच्या बागायतीचे, कर्जाचे घर. शिक्षण बेताचे. बुद्धाविषयी काहीसे वाचनात आले आणि त्या माणसाला घरात चैन पडेना. १८९९ च्या अखेरीस घर सोडून तो बाहेर पडला. पुणे, ग्वाल्हेर, काशी, तिथून नेपाळ आणि शेवटी सिंहलद्वीप, म्हणजे आजची श्रीलंका. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकला, सिंहलद्वीपात १९०२ मध्ये दीक्षा घेतली, पाली शिकला, आणि पुढे हा शाळा अर्धवट सोडलेला माणूस हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाच्या संपादनासाठी बोलावला गेला. स्वतःच्या शोधात निघालेला आणि खरोखर काहीतरी सापडलेला असा दुसरा मराठी माणूस चटकन आठवत नाही.

पण तो निघाला तेव्हा घरी पत्नी बाळाबाई होत्या आणि तान्ही मुलगी होती. मी लहानपणापासून धर्मानंदांच्या प्रवासाच्या गोष्टी ऐकल्या आहेत; बाळाबाईंनी ती वर्षे कशी काढली याची गोष्ट मला कोणी सांगितली नाही. माझ्या मनातला धर्मानंदांविषयीचा आदर यामुळे तसूभरही कमी होत नाही. मात्र जेव्हा आपण म्हणतो की अमुक माणूस आपल्या मनासारखे जगला, तेव्हा त्या जगण्याची वर्गणी कोणाकोणाकडून वसूल झाली, हेही त्याच वाक्यात सांगायला हवे. त्या दृष्टीने कृष्णाकाठ यांच्या अण्णांनी वर्गणी स्वतःच्या खिशातून भरली असे मला वाटते. पन्नास वर्षे न पटणारी पूजा करणे ही लहान किंमत नव्हे.

रेषा
साष्टी, धर्मानंदांविषयीचे तुमचे म्हणणे पूर्ण पटले. अण्णांविषयीचे अर्धेच पटले. सुनांनीही काही वर्गणी भरली आहे.

नवयान
चर्चेत बाबासाहेबांचा उल्लेख वकील म्हणून आला, त्यात मी थोडी भर घालतो.

इथे सर्वांनी असे गृहीत धरले आहे की रूढी पाळण्याचा किंवा मोडण्याचा पर्याय माणसाच्या हातात असतो. अण्णांना तो होता. त्यांनी उद्या पूजा बंद केली असती तर आत्या रुसली असती, गल्लीत चार लोक बोलले असते. माझ्या आजोबांना गावात पायांत चप्पल घालून मधल्या आळीतून जाण्याचा पर्याय नव्हता. तिथे ‘सर्वांसारखे वागणे’ हेच बंड होते. गांधीजींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत पंचा स्वीकारला आणि तो त्यांच्या सत्याचा भाग झाला. बाबासाहेब आयुष्यभर नीट शिवलेल्या सुटात वावरले आणि तो त्यांच्या सत्याचा भाग होता, कारण ज्यांना शतकानुशतके उतरलेली वस्त्रे दिली गेली त्यांच्यासाठी इस्त्रीचा कोट हे विधान होते. कोण चाकोरीत आणि कोण चाकोरीबाहेर, हे कपड्यावरून किंवा कृतीवरून ठरत नाही. त्या माणसाला काय नाकारले गेले होते, त्यावरून ठरते.

दुसरा मुद्दा काळाचा. येवल्यात १९३५ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी जाहीर केले की मी हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. नागपूरला दीक्षा घेतली १९५६ च्या ऑक्टोबरात. मध्ये २१ वर्षे गेली. त्या २१ वर्षांत त्यांनी निरनिराळे धर्म अभ्यासले, अनेकांची आमंत्रणे आणि अनेकांची टीका झेलली, आणि आपल्यामागून येणाऱ्या लाखोंचे काय होईल याचा विचार केला. नकार एका सभेत देता आला, पण त्या नकारानंतर आपण कोण, याचे उत्तर शोधायला दोन दशके लागली. मला इथल्या चर्चेत नकाराविषयी पुष्कळ वाचायला मिळाले. नकारानंतरच्या शोधाविषयी कमी.

आणि त्यांनी जे केले ते जाहीरपणे केले. पाकिटात ठेवले नाही. हे मी अण्णांचा अनादर म्हणून लिहीत नाही. ज्यांच्याकडे थोडी सत्ता होती, मग ती एका घरापुरती का असेना, त्यांच्या मौनाची किंमत खालच्या पायरीवरच्या माणसाने मोजली आहे, एवढेच सांगायचे आहे.

गणितप्रेमी
नवयान, सुटाविषयीचा मुद्दा यापूर्वी असा नीट मांडलेला वाचला नव्हता. धन्यवाद.

चंद्रभागा
मी वारकरी घरातली आहे, माझ्या गळ्यात माळ आहे आणि मी दरवर्षी पायी जाते. इथे येणाऱ्या बहुतेक प्रतिसादांत पूजा करणारा माणूस खोटा आणि नाकारणारा खरा, हे न बोलता मान्य केले गेले आहे. म्हणून लिहावेसे वाटले.

‘सत्यअसत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता ॥’ असे तुकोबा म्हणतात. हे लिहिणारा माणूस देवाला मानणारा होता. त्याने बहुमत नाकारले ते विठ्ठलाला धरून. वेदांचा अर्थ सांगण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता त्यांच्या विरोधात तो उभा राहिला, वह्या इंद्रायणीत गेल्या, आणि तरीही त्याची भक्ती सुटली नाही. तेव्हा परंपरेच्या आत राहून स्वतःचे असणे शक्य आहे, आणि माझ्या मते ते बाहेर पडण्याहून अवघड आहे. कारण आत राहणाऱ्याला रोज तपासावे लागते की आज मी हे मनापासून करते आहे की शेजारणीने पाहावे म्हणून.

बहुमत म्हणजे केवळ गल्लीतले लोक असेही समजू नये. या धाग्यावर बहुमत कोणाचे आहे ते पाहा. इथे मी माळ घालते असे लिहिताना मला जरा थांबावे लागले. तेव्हा मला कृष्णाकाठ यांना विचारायचे आहे, की अण्णा पूजेला बसत तेव्हा त्यांचा चेहरा कसा असे? ते घाईत उरकत की नीट करत? हे मी उगाच विचारत नाही. न पटणारे काम माणूस पन्नास वर्षे नीट करत असेल, तर त्याला त्यात काहीतरी पटत होते.

कृष्णाकाठ
चंद्रभागाताई, नीट करत. अतिशय नीट. चौरंगाचे चारही खुंट केळीच्या पानांनी स्वतः बांधत, प्रसादाचा शिरा सव्वाच्या मापाने होतो आहे ना ते स्वयंपाकघरात येऊन पाहत, आणि गुरुजी एखादा अध्याय घाईने आटपू लागले तर त्यांच्याकडे नुसते पाहत; गुरुजी सावकाश वाचू लागत. लेखा विभागातला माणूस, अर्धवट काम त्यांना सहनच होत नसे. तुमच्या प्रश्नाने मला विचारात पाडले आहे.

शिरोळची लेक
माझे माहेर शिरोळ तालुक्यातले आहे, हेरवाडपासून जवळच. माझे पती करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. रुग्णालयातूनच परस्पर अंत्यसंस्कार झाले आणि तरीही, घरी कोणी नसताना, एका जवळच्या नातेवाईक बाईंनी येऊन माझ्या हातातल्या बांगड्या दाराच्या उंबऱ्यावर फोडल्या. कुंकू पुसले. मी काही बोलले नाही. त्या वेळी माझे मत काय होते असे कोणी विचारले, तर मत असण्याइतकी जागाच माझ्यात नव्हती.

पुढच्या वर्षी, मे २०२२ मध्ये, हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ठराव केला की गावात कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने तो ठराव इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. वर्तमानपत्रात बातमी आली त्या आठवड्यात मी टिकली लावली. लहान, मरून रंगाची. शाळेत गेले, मी शिक्षिका आहे. मुख्याध्यापिका बाईंनी पाहिले आणि त्या दिवशी माझ्या वर्गाची हजेरी स्वतः येऊन घेतली, म्हणजे मला पाच मिनिटे खुर्चीत बसता यावे.

आता माझा प्रश्न असा आहे. मला टिकली लावायची होती, हे माझे खरे मन होते. पण ते मला कळले ते गावाने ठराव केल्यानंतर. म्हणजे मी एका बहुमताच्या भीतीने पुसली आणि दुसऱ्या बहुमताच्या आधाराने लावली. इथे सर्वजण बहुमत झुगारणाऱ्या थोरांची उदाहरणे देत आहेत. त्यांना माझा नमस्कार. पण माझ्यासारख्या बाईला खरे मन सापडायला आधी कोणीतरी परवानगीची फट उघडावी लागते. तिला मी कमी खरी समजू का? मी समजत नाही. अण्णांच्या काळात, त्यांच्या गल्लीत, तशी फट कोणी उघडली होती का, याचा विचार व्हावा असे वाटते.

तळ्याकाठचा
शिरोळची लेक, तुमच्या मुख्याध्यापिका बाईंना नमस्कार सांगा.

नवयान
ताई, तुमच्या प्रतिसादामुळे माझ्या आधीच्या एका विधानाला पुरवणी जोडतो. फट उघडणारे आणि त्या फटीतून पहिल्यांदा बाहेर पडणारे, दोघांचेही धैर्य लागते. ठराव झालेल्या गावांतही किती जणी प्रत्यक्ष टिकली लावतात ते पाहिले, म्हणजे तुम्ही केले ते काय होते हे समजेल.

गणितप्रेमी
आगरकरांविषयी लिहायचे राहिले. त्यांच्या हयातीतच पुण्यात सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली होती. १८९५ मध्ये, वयाची चाळिशीही गाठली नसताना, ते गेले तेव्हा स्वतःच्या अंत्यविधीसाठी त्यांनी पैशांची पुडी बांधून उशाशी ठेवलेली सापडली, असे त्यांच्या चरित्रात येते. अण्णांच्या विम्याच्या फायलीतले पाकीट वाचताना मला ती पुडी आठवली. आपल्या मरणाचा भार कोणावर पडू नये ही दोघांचीही इच्छा होती. फरक एवढा की आगरकरांच्या पुडीआधी त्यांच्या ‘सुधारक’ पत्राचे अंक होते.

डब्लिनकर
इथे परदेशात राहून एक जाणवते. पुण्यात असताना मी घरच्या गणपतीला नाक मुरडत असे. इथे माझी मुलगी शाळेत एकटीच मराठी आहे आणि तिने हट्टाने शाडूचा गणपती बसवला, वर्गातल्या मुलींना बोलावले, अथर्वशीर्ष पाठ करून म्हटले. माझ्या घरात आज तीच सर्वांत स्वतंत्र वृत्तीची आहे. त्यामुळे कृती पाहून मनुष्य ओळखण्याचा नाद मी सोडला आहे.

कृष्णाकाठ
काल आईशी सविस्तर बोलणे झाले. रेषा, तुम्ही विचारले नसते तर कदाचित झाले नसते, कारण आम्ही दोघे भाऊ तिला त्रास नको म्हणून सगळे परस्पर ठरवत होतो.

आईला पत्राविषयी आधीपासून माहीत होते. पाकीट विम्याच्या फायलीत ठेवायला तिनेच सुचवले होते, कारण ती फाईल पहिल्यांदा उघडली जाणार हे तिला ठाऊक होते. लग्नानंतर पहिल्याच श्रावणात अण्णांनी तिला सांगितले होते की माझा यावर विश्वास नाही. तिने उत्तर दिले की माझा आहे, आणि जोडीने बसल्याशिवाय पूजा होत नाही. त्यावर ते म्हणाले, मग बसतो. एवढेच संभाषण. पुन्हा दोघांनी तो विषय काढला नाही. आईच्या शब्दांत सांगायचे तर, “पूजा माझी होती. ते माझ्या शेजारी बसत होते. नीट बसायचे, कारण माझे काम त्यांनी कधी वाईट केले नाही.”

चार दिवस बाजूला बसण्याविषयीही मी विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली की ते सासूबाईंचे होते, पुढे माझे झाले, आणि त्या बाबतीत ते मला काही म्हणाले असते तर मी ऐकले असते. पण ते म्हणाले नाहीत. यात तिने अण्णांची बाजू घेतली नाही, दोषही दिला नाही.

मी आत्यालाही फोन केला. पूजा वहिनीची होती हे ऐकून ती म्हणाली की मला हे कोणी सांगितले नाही. मग तिने आईशी अर्धा तास बोलणे केले. काय बोलल्या ते मला माहीत नाही.

शेवटी आईने मला बजावले की माझ्या बाबतीत देहदान करायचे नाही. अग्नी द्यायचा, दिवस घालायचे, गीतेचा पंधरावा अध्याय म्हणायचा, आणि तू ते सगळे स्वतः करायचे, थोरल्यावर ढकलायचे नाही. मी विश्वास नसतानाही ते करणार आहे. करताना नीट करणार आहे.

चंद्रभागा
वाचून डोळे भरून आले. चेहऱ्याविषयी विचारले त्याचे उत्तर मिळाले.

रेषा
कृष्णाकाठ, आईंनी जे सांगितले त्यामुळे अण्णांच्या पूजेविषयी माझे मत बदलले आहे. पत्नीला आपले मत स्वच्छ सांगून, तिच्या श्रद्धेचा मान राखून शेजारी बसणे, यात मला लबाडी दिसत नाही. चार दिवसांविषयीचे मत मात्र बदललेले नाही, आणि आईंच्या ‘पण ते म्हणाले नाहीत’ या वाक्यात मला त्याला आधारच दिसतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. तुमच्या घरात दोन अण्णा आहेत असे तुम्ही लिहिले होते. मला तिसरेही दिसतात, आणि त्या तिसऱ्यांविषयी तुमच्या पत्नीला विचारले पाहिजे.

आणखी एक विनंती. आईंची इच्छा तोंडी ठेवू नका. अण्णांची दोन पाने आहेत, त्यांचेही एक पान असू द्या. पुढच्या पिढीत कोणी उठून म्हणायला नको की आजोबांनी देहदान केले म्हणून आजीचेही तेच करा. बाईची इच्छा नवऱ्याच्या इच्छेत धरून टाकण्याची आपल्याकडे फार सवय आहे, आणि सुधारकांच्या घरांतही ती होती.

विदर्भवासी
मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात अनेक वर्षे काम केले आहे. वरच्या चर्चेत भर घालण्याइतका माझा अभ्यास नाही, पण रेषा यांनी लिहून ठेवण्याचा विषय काढला म्हणून व्यवहारातल्या गोष्टी सांगतो. बरेच जण अण्णांसारखा अर्ज भरतात आणि तो अंमलात येत नाही.

आपल्या राज्यात देहदान १९४९ च्या शरीररचनाशास्त्रविषयक कायद्याखाली होते. अर्ज महाविद्यालयाच्या याच विभागात मिळतो आणि त्यावर जवळच्या नातेवाईकांच्या सह्या घेतल्या जातात. पण अर्ज भरलेला असूनही मृत्यूनंतर घरच्यांनी नकार दिला, तर महाविद्यालय जबरदस्ती करत नाही. म्हणून ज्याची इच्छा आहे त्याने घरच्यांशी जिवंतपणी बोलावे. पाकीट एकटे पुरत नाही. अण्णांचे पार पडले, कारण आईंना पत्राविषयी माहीत होते आणि फाईल योग्य ठिकाणी होती. उलट, अर्ज भरलेला नसला तरी नातेवाईकांची इच्छा असेल तर दान करता येते. डॉक्टरांचा मृत्यूचे कारण लिहिलेला दाखला लागतो. अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू असेल, शवविच्छेदन झाले असेल किंवा काही संसर्गजन्य आजार असतील, तर देह स्वीकारला जात नाही. अशा वेळी घरच्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. नेत्रदान साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते आणि नेत्रदानानंतरही देहदान होऊ शकते.

आणि आईंच्या पानाविषयी. देहदान नको असेल तर त्यासाठी कोणताही सरकारी नमुना नाही. साध्या कागदावर त्यांच्या अक्षरात तारीख घालून लिहून घ्या, दोन्ही मुलांना आणि दोन्ही सुनांना एकेक प्रत द्या, आणि मूळ कागद त्याच विम्याच्या फायलीत ठेवा.